दोन एक्के आणि चार कोटींचा पॉट: अ‍ॅफ्लेक–डुहामेल डावाचा प्रकरण अभ्यास

जुलै २०१०. लास व्हेगासमधलं रिओ हॉटेल. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये दहा हजार डॉलर भरून बसलेल्या ७,३१९ खेळाडूंपैकी १५ उरले होते. त्यातल्या मॅट अ‍ॅफ्लेकच्या हातात दोन एक्के आले आणि त्याच टेबलावरच्या जोनाथन डुहामेलच्या हातात दोन गुलाम. डाव संपेपर्यंत पॉटमध्ये (मध्ये लावलेल्या चिप्सच्या ढिगात) ४ कोटी १७ लाखांच्या आसपास चिप्स जमल्या होत्या. शेवटच्या पत्त्याला अठ्ठी पडली, डुहामेलचा स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) लागला आणि अ‍ॅफ्लेक पंधरावा होऊन डोळ्यांत पाणी घेऊन बाहेर पडला.

पोकरच्या गप्पांत हा डाव निघाला की लोक रिव्हरच्या (शेवटच्या पत्त्याच्या) अठ्ठीवर हळहळतात आणि तिथेच थांबतात. मला वाटतं, त्या अठ्ठीच्या आधीचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. मोठी जोडी हातात असताना टूर्नामेंटमध्ये जेवढे म्हणून निर्णय समोर येतात, ते जवळपास सगळे या एकाच डावात एकामागोमाग आले. रेझ वाढवायचा (समोरच्याच्या वर लावायचं) की नुसता कॉल करायचा (तेवढंच भरायचं), किती लावायचं, ऑल-इन (सगळं लावून) कधी जायचं, समोरच्याने फोल्ड करावं (पत्ते टाकावे) अशी इच्छा धरायची की कॉल करावा अशी. अ‍ॅफ्लेकने यातला प्रत्येक निर्णय चांगला घेतला असं माझं ठाम मत आहे, आणि ते आकड्यांनिशी मांडता येतं.

टेबलावर काय होतं

सुरुवातीला प्रत्येकाला ३०,००० चिप्स मिळाल्या होत्या. म्हणजे स्पर्धेत एकूण २१ कोटी ९५ लाख ७० हजार चिप्स. पंधरा जणांत सरासरी निघते १ कोटी ४६ लाख. अ‍ॅफ्लेककडे साधारण २ कोटी ५ लाख होत्या, डुहामेलचा स्टॅक (चिप्सचा साठा) त्याला पुरून उरणारा होता. दोघेही सुस्थितीत, घाई कुणालाच नाही. बिग ब्लाइंडच्या (डावाआधी भरायच्या सक्तीच्या रकमेच्या) मापाने अ‍ॅफ्लेकचा स्टॅक ऐंशीच्या वर होता. एवढ्या उशिराच्या टप्प्यावर इतका खोल स्टॅक फार कमी स्पर्धांत दिसतो, आणि पुढचं सगळं विवेचन या एका गोष्टीवर उभं आहे.

बक्षिसांची उतरंड अशी: तेरावा ते पंधरावा, प्रत्येकी ५,००,१६५ डॉलर. दहावा ते बारावा, ६,३५,०११. नववा, ८,११,८२३. दुसऱ्याला ५५,४५,९५५ आणि पहिल्याला ८९,४४,३१०. नऊ उरले की खेळ थांबणार आणि अंतिम टेबल थेट नोव्हेंबरमध्ये, अशी तेव्हाची पद्धत होती. त्या नवांत असणं म्हणजे पैशांखेरीज चार महिने नाव गाजणं.

डाव असा झाला. डुहामेलने साडेपाच लाखांचा रेझ केला. त्याच्या मागे बसलेल्या अ‍ॅफ्लेकने तो साडेपंधरा लाखांवर नेला. डुहामेलने परत वाढवून ३९ लाख २५ हजार केले. अ‍ॅफ्लेकने कॉल केला. फ्लॉपवर (सर्वांच्या सामाईक पाच पत्त्यांपैकी पहिले तीन) दश्शी, नव्वी, सत्ती. डुहामेलने चेक केलं (काही न लावता पाळी पुढे दिली), अ‍ॅफ्लेकने ५० लाख लावले, डुहामेलने कॉल केला. टर्नला (चौथा सामाईक पत्ता) राणी. पुन्हा चेक. अ‍ॅफ्लेकने उरलेले १ कोटी १६ लाख ३० हजार पुढे सरकवले. डुहामेल बराच वेळ विचार करत बसला आणि अखेर त्याने कॉल म्हटलं. रिव्हर, अठ्ठी.

फोर-बेटला उत्तर

पहिला खरा प्रश्न इथे आहे. डुहामेलचा ३९ लाखांचा रेझ, म्हणजेच फोर-बेट, समोर आलाय, पॉटमध्ये ६० लाखांच्या घरात चिप्स आहेत आणि हातात एक्के. बहुतेक नवखे खेळाडू इथे सगळे चिप्स ढकलतात. कारण विचारलं तर म्हणतात, ‘एक्के आहेत, आणखी काय हवं?’

आता बघू, ऑल-इनला कॉल करणार कोण? आपल्याकडे दोन एक्के असल्यामुळे समोरच्याकडे एक्का-राजा असण्याच्या १६ शक्यतांपैकी ८च उरतात. एक्के-एक्के ही एकच शक्यता. राजांच्या जोडीच्या ६, राण्यांच्या ६, गुलामांच्या ६. यातला राजे घेऊन बसलेला कॉल करेल. राण्यावाला करेलही किंवा नाहीही. ऐंशी ब्लाइंडच्या ऑल-इनपुढे गुलाम घेऊन उभा राहणारा, तोही १५ जण उरलेले असताना, मला विरळाच वाटतो. आणि जो नुसता दबाव टाकायला चढवत होता, हातात छोटा एक्का किंवा राजा-राणी घेऊन, तो लगेच पत्ते टाकेल. म्हणजे ज्या हातांना आपण सर्वांत जास्त मारत होतो, त्यांनाच आपण सुखरूप घरी पाठवलं.

कॉल केला की हे सगळे हात डावात राहतात. शिवाय अ‍ॅफ्लेक पोझिशनमध्ये होता, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर समोरच्याने काय केलं ते पाहून बोलायचं. आणि डुहामेलला वाटणार की याच्याकडे राण्या असतील, दश्श्या असतील, एक्का-राजा असेल. एक्के असते तर हा पुन्हा चढला असता, असा समज २०१०मध्ये सर्रास होता, आजही आहे.

कॉलची किंमत अशी की समोरच्याला फ्लॉप बघायला मिळतो. गुलामांना फ्लॉपवर तिसरा गुलाम लागण्याची शक्यता सुमारे १२ टक्के. तेवढा धोका पत्करायचा. पण एक्क्यांच्या वर पत्ताच नाही, हे विसरू नये. राजांची जोडी घेऊन कॉल केला तर फ्लॉपवर किमान एक एक्का पडण्याची शक्यता साधारण २३ टक्के असते. राण्या असतील तर एक्का किंवा राजा पडण्याची ४१ टक्के. गुलाम असतील तर वरचा एखादा पत्ता ५७ टक्के वेळा पडतो. म्हणून ‘मोठी जोडी सावकाश खेळावी की जोरात’ या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही. दबा धरून बसणं एक्क्यांना सर्वांत स्वस्त पडतं, राजांना थोडं महाग, राण्यांना बरंच महाग. अ‍ॅफ्लेकच्या हातात त्या वेळी राण्या असत्या तर हाच कॉल मला इतका सरळ वाटला नसता.

इथे एक गोष्ट आपल्याकडच्या खेळाडूंसाठी सांगतो. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केल्यावर पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळण्याची वाट भारतात बंद झाली. आता मराठी मुलं टूर्नामेंटसाठी गोव्याला, पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंत जातात. तिथे दुपारी बसलेला खेळाडू रात्रीपर्यंत बहुधा वीस-पंचवीस ब्लाइंडवर आलेला असतो. एवढ्या छोट्या स्टॅकवर अ‍ॅफ्लेकचा डाव जसाच्या तसा उचलायला जाऊ नका. पंचवीस ब्लाइंड असताना तुम्ही सहा ब्लाइंडपर्यंत चढवलंत आणि समोरचा त्याच्यावर चढला, की तो त्या पॉटला बांधला गेलेला असतो. तो ऑल-इन गेला असेल तर कॉल. थोडंच वाढवलं असेल तर ऑल-इन, त्याला फोल्ड करणं आता जड जातं. तिथे कॉल करून सापळा लावण्यात फार काही हाती लागत नाही. मागे चिप्स उरल्या असतील तरच सापळ्याला अर्थ असतो.

फ्लॉप: पन्नास लाखच का

कॉलनंतर पॉट साधारण ८५ लाखांचा झाला. अ‍ॅफ्लेकच्या मागे उरले १ कोटी ६६ लाख. पॉटच्या जवळपास दुप्पट. इतक्या चिप्स शिल्लक असताना एक्के फोल्ड करायचे नाहीत, हे फ्लॉपआधीच ठरलेलं असावं लागतं. मग उरतो एकच प्रश्न: हे १ कोटी ६६ लाख किती हप्त्यांत आत घालायचे?

दोन हप्त्यांत घालायचे असतील आणि दोन्ही वेळा पॉटच्या सारख्याच प्रमाणात लावायचं असेल, तर ते प्रमाण येतं ६१ टक्के. अ‍ॅफ्लेकने फ्लॉपवर लावले ५० लाख, पॉटच्या ५९ टक्के. टर्नवर लावले १ कोटी १६ लाख, १ कोटी ८५ लाखांच्या पॉटच्या ६३ टक्के. त्याने हे गणित टेबलावर बसून केलं असेल की हाताला सवय असेल, कोण जाणे. पण आकडे इतके नेमके जुळतात की मला दर वेळी कौतुक वाटतं. टर्नवरचा ऑल-इन फ्लॉपवरच्या पन्नास लाखांतच ठरून गेला होता.

तीन हप्त्यांत घालायचे असते तर प्रत्येक वेळी पॉटच्या ३५ टक्के लावावे लागले असते: फ्लॉपवर ३० लाख, टर्नवर ५१, रिव्हरवर ८६. राजा, सत्ती, दुर्री असा कोरडा फ्लॉप असता तर मी हाच रस्ता सुचवला असता. तिथे पुढच्या पत्त्याची भीती नसते, समोरच्याला हळूहळू ओढत न्यायचं असतं. पण दश्शी, नव्वी, सत्ती हा फ्लॉप कोरडा अजिबात नाही. अठ्ठी पडली की गुलामवाल्याचा स्ट्रेट. गुलाम पडला की अठ्ठीवाल्याचा. फ्लशची (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांची) भानगड नव्हती, एवढाच काय तो दिलासा.

गुलामांच्या जोडीविरुद्ध एक्के फ्लॉपआधी सुमारे ८१ टक्के पुढे होते. फ्लॉपवर ते साधारण ७४ टक्क्यांवर आले. समोरच्याकडे चार अठ्ठ्या आणि दोन गुलाम असे सहा पत्ते सरळ उपयोगाचे, शिवाय राणी आणि राजा लागोपाठ आले तरी स्ट्रेट. अशा फ्लॉपवर पहिल्यांदाच भक्कम रक्कम मागणं हे बरोबर आहे.

सगळेच चिप्स फ्लॉपवर ढकलले असते तर? ८५ लाखांच्या पॉटवर १ कोटी ६६ लाखांचा ऑल-इन. गुलामवाल्याला कॉल करायला ४० टक्के संधी हवी होती (त्याने भरायची रक्कम भागिले होणारा एकूण पॉट), त्याच्याकडे होती २६. त्याने कॉल केला असता तर एक्क्यांसाठी सोन्याहून पिवळं. पण त्याने तो बहुतेक केला नसता, आणि आपण फोर-बेटला कॉल करून जे साधलं होतं ते घालवून बसलो असतो.

टर्नची राणी

राणी पडली. बघणाऱ्याला वाटतं, बोर्ड आणखी भयंकर झालं. सत्ती, नव्वी, दश्शी, राणी. आता राजा पडला तरी गुलामवाल्याचा स्ट्रेट. खरं तर एक्क्यांची बाजू किंचित सुधारली. गुलामांकडे आता चार अठ्ठ्या, चार राजे, दोन गुलाम असे दहा पत्ते होते, पण दोनऐवजी एकच पत्ता उघडायचा राहिला होता. ४४ न पाहिलेल्या पत्त्यांपैकी १०, म्हणजे २२.७ टक्के. एक्के ७७ टक्क्यांच्या वर.

राणीने कुणाला खरा फायदा झाला असता? राण्यांच्या जोडीला, ज्याच्या आता तीनच शक्यता उरल्या होत्या. राजा-गुलाम घेऊन फोर-बेट करणारा असतो, पण मोजका. दश्श्यांची किंवा नव्व्यांची जोडी किंवा गुलाम-अठ्ठी असेल तर ती फ्लॉपवरच पुढे गेलेली, त्यात राणीचा काही संबंध नाही. दुसऱ्या बाजूला राजांच्या सहा शक्यता, गुलामांच्या सहा, एक्का-राणीच्या काही. एकूण वजन अजून एक्क्यांच्याच पारड्यात होतं.

काही जण म्हणतात, अ‍ॅफ्लेकने टर्नला चेक करायला हवं होतं. पॉट आटोक्यात राहिला असता, रिव्हरला अठ्ठी बघून त्याने पत्ते टाकले असते आणि स्पर्धेत राहिला असता. रिव्हर माहीत असताना हे बोलणं सोपं. चेक म्हणजे दहा उपयोगी पत्ते असलेल्या माणसाला फुकट पत्ता. राजांची जोडी असलेल्यालाही फुकट: त्याला गुलाम पडला तरी स्ट्रेट, तिसरा राजा पडला तरी तो पुढे, मिळून सहा पत्ते. आणि रिव्हरला गुलाम, राजा किंवा अठ्ठी पडली की एक्केवाला स्वतःच अडचणीत. तेव्हा समोरच्याने लावलं तर कॉल करायचा की नाही, याचं चांगलं उत्तर कुणाकडेच नसतं.

तीन हप्त्यांच्या बाजूने मात्र एक गंभीर युक्तिवाद आहे आणि तो नीट तपासायला हवा. फ्लॉपवर ३० लाख, टर्नवर ५१ लाख लावले असते, तर रिव्हरच्या अठ्ठीला अ‍ॅफ्लेककडे ८६ लाख शिल्लक राहिले असते. अठ्ठी बघून तो थांबू शकला असता. खरं आहे. पण ते ५१ लाख डुहामेलला काय भावात पडले असते ते बघा. फ्लॉपनंतर पॉट १ कोटी ४५ लाख, त्यावर ५१ लाखांचा बेट. त्याला कॉल करायला २०.६ टक्के संधी पुरेशी. त्याच्याकडे २२.७ टक्के होती. म्हणजे समोर एक्के आहेत हे उघड दिसत असतं तरीही त्याचा कॉल बरोबर ठरला असता. वर रिव्हरला स्ट्रेट लागला तर आणखी काही मिळण्याची आशा.

प्रत्यक्षात अ‍ॅफ्लेकने मागितले १ कोटी १६ लाख. एकूण पॉट ४ कोटी १७ लाख होणार होता, त्यामुळे डुहामेलला २८ टक्के लागत होते. एक्क्यांविरुद्ध त्याच्याकडे पाच टक्के कमी होते. दर वेळी असा कॉल केला तर डुहामेलचं सरासरी २१ लाख चिप्सचं नुकसान. समोरच्याला चूक करायला लावणारा भाव आणि त्याला बरोबर भाव, यातला फरक एवढा बारीक होता, आणि अ‍ॅफ्लेक त्या फरकाच्या योग्य बाजूला उभा होता. प्रकरणाचा निकाल माझ्या दृष्टीने इथे लागतो.

चिप्स आणि डॉलर

आतापर्यंत सगळा हिशोब चिप्समध्ये केला. टूर्नामेंटमध्ये तो पुरत नाही. २ कोटींच्या ४ कोटी झाल्या तर बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही, कारण सगळ्या चिप्स एकाकडे आल्या तरी त्याला सगळी बक्षिसं मिळत नाहीत, पहिलंच मिळतं. गमावलेली चिप जिंकलेल्या चिपपेक्षा महाग असते. १५ जण उरलेले, नवव्याला ८ लाख, पंधराव्याला ५ लाख, अशा वेळी हा फरक चांगलाच जाणवतो.

टर्नवर अ‍ॅफ्लेकने ऑल-इन केल्यावर दोन शक्यता होत्या. डुहामेलने फोल्ड केलं तर अ‍ॅफ्लेककडे नक्की ३ कोटी १ लाख. कॉल केला तर ७७ टक्के वेळा ४ कोटी १७ लाख आणि उरलेल्या वेळी शून्य, सरासरी ३ कोटी २३ लाख. चिप्समध्ये पाहिलं तर कॉल हवासा. पैशात पाहिलं तर हातात आलेले ३ कोटी हे जवळपास २३ टक्के वेळा बाहेर पडण्याच्या जोखमीसह आलेल्या सव्वातीन कोटींपेक्षा मला जास्त मोलाचे वाटतात. सरासरीच्या दुपटीहून मोठा स्टॅक, वर अंतिम टेबल जवळजवळ नक्की.

यातूनच कळतं की तो ऑल-इन किती चांगला होता. समोरच्याने काहीही केलं तरी चालत होतं. फोल्ड केलं तर उत्तम, कॉल केला तरी नुकसान नाही. एखादा बेट लावून झाल्यावर ‘आता याने फोल्ड करावं की कॉल’ याचं उत्तर सापडत नसेल, तर नवखा घाबरतो, त्याला वाटतं आपलं काही चुकलं. बऱ्याचदा उलटं असतं. दोन्ही उत्तरं चालतात म्हणूनच ठरवता येत नाही.

फोर-बेटच्या वेळीही हाच पैशांचा हिशोब होता आणि तिथे तो उलट्या बाजूने बोलतो, हे मान्य करायला हवं. ऑल-इन करून बहुतेक वेळा फोल्ड मिळवला असता तर अ‍ॅफ्लेककडे २ कोटी ५० लाख झाले असते, जोखीम जवळपास नाही. सावध खेळाडू तोच रस्ता घेईल आणि त्याला मी चूक म्हणणार नाही. पण १ कोटी ८५ लाखांचा पॉट ७७ टक्क्यांनी आपल्या बाजूला असताना समोरच्याला तिथे आणून उभं करणं हे त्याहून जास्त मोलाचं आहे. बक्षिसांत पहिल्या दोन-तीन जागांवर एवढा पैसा होता की जिंकायला खेळणाऱ्याने एक्क्यांवर फक्त ४५ लाख घेऊन समाधान मानणं मला पटत नाही. तिसऱ्या आलेल्या जोसेफ चेऊंगलाही ४१,३०,०४९ डॉलर मिळाले होते. नववा आणि तिसरा यांच्यातली दरी पंधरावा आणि नववा यांच्यातल्या दरीच्या दहापट आहे.

डुहामेलच्या बाजूने

त्या कॉलला लोकांनी खूप नावं ठेवली. त्याची बाजू मोजून बघायला हवी, कारण मोठी जोडी खेळणाऱ्याला समोरचा कशाला कॉल करतो हे कळलं तरच आपण किती लावायचं हे ठरतं.

डुहामेलला समोरचे पत्ते दिसत नव्हते. त्याने अ‍ॅफ्लेकच्या हातात एक्के, राजे किंवा राण्या धरल्या असतील. एक्क्यांविरुद्ध त्याला २२.७ टक्के. राजांविरुद्ध फक्त १३.६, कारण तिथे गुलाम पडला तर राजेवाल्याचाच स्ट्रेट लागतो आणि चारऐवजी दोनच राजे उरतात. राण्यांच्या सेटविरुद्ध (तीन राण्यांविरुद्ध) १८.२. तिन्ही मिळून सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास. गरज २८ची. एवढ्यावर कॉल होत नाही.

पण अ‍ॅफ्लेककडे एक्का-राजा असेल तर? तेव्हा गुलाम पुढे आहेत आणि ८८ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतात. एक्का-राजाच्या १६ शक्यतांपैकी अवघ्या दोन-तीन जरी अ‍ॅफ्लेक असा खेळत असला, तरी डुहामेलचा कॉल चिप्सच्या हिशोबाने बरोबर ठरतो. पैशांची जोखीम धरून गरज ३५ टक्क्यांपर्यंत वाढवली तरी पाच शक्यता पुरतात. लोक म्हणतात तितका हा कॉल वेडेपणाचा नव्हता. तो एका प्रश्नावर अडकलेला होता: हा माणूस एक्का-राजा घेऊन फोर-बेटला कॉल करेल, या बोर्डावर फ्लॉपला ५० लाख लावेल आणि टर्नला सगळं ढकलेल का?

माझ्या अंदाजाने, फार क्वचित. त्या काळात एक्का-राजा घेऊन बसलेला माणूस फोर-बेटवर एक तर ऑल-इन जायचा किंवा पत्ते टाकायचा. कॉल करून दश्शी-नव्वी-सत्तीवर काहीच न लागता दोनदा मोठं लावणारा पाच शक्यतांइतका वेळा सापडेल असं मला वाटत नाही. म्हणून डुहामेलचा कॉल मी चूकच ठरवतो, पण छोटी चूक. अशी छोटी चूक तेव्हाच पदरात पडते जेव्हा समोरचा आपल्या हातात एक्के आहेत हे शेवटपर्यंत मानत नाही. अ‍ॅफ्लेकने फोर-बेटला ऑल-इन केला असता तर डुहामेलला चुकायची संधीच मिळाली नसती.

डुहामेल ६,५९,७५,००० चिप्स घेऊन नोव्हेंबरच्या टेबलावर बसला, स्पर्धेतल्या एकूण चिप्सच्या ३० टक्के. त्याने जॉन रेसनरला हरवून मेन इव्हेंट जिंकला, हे करणारा तो पहिला कॅनेडियन. अ‍ॅफ्लेकला ५,००,१६५ डॉलर मिळाले. त्याच जागी, त्याच स्टॅकने, तेच पत्ते पुन्हा आले तर मी फोर-बेटला कॉल करेन, दश्शी-नव्वी-सत्तीवर ५० लाख लावेन आणि राणीवर उरलेले सगळे.